उत्तरेकडं बघणाऱ्या शेळ्या

बड्या साहेबांनी शेरवानीच्या खिशातून कुतुबनुमा काढला आणि टेबलावर ठेवला, तेव्हा माझे जोडे माझ्या आधी एक पाऊल मागं सरकले. कुतुबनुमा म्हणजे होकायंत्र. पितळेची डबी आणि आत थरथरणारी सुई. समोर रिंगणात पाच पोरं, पाच दोर आणि दोरांच्या टोकाला पाच काळ्या शेळ्या. भोवती निम्मं धाराशिव लोटलेलं. साहेब खास हैदराबादहून आले होते आणि त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. या शेळ्या कायम उत्तरेकडं तोंड करून उभ्या राहतात हे खरं, की त्या सलोत्र्याच्या बाता?

तो सलोत्री मी.

निजामी अमलात आमच्याकडं जनावरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत, त्याच्या कंपाउंडरलाही सलोत्रीच म्हणत आणि कंपाउंडरच्या पिशवीलासुद्धा 'सलोत्री ठेवा इथं' म्हणत. मी यातला मधला. वय तेवीस, मिशी नुकतीच फुटलेली, आणि ताब्यात एक सरकारी सायकल. तिला ब्रेक नव्हता, घंटी नव्हती, आणि तेरणेच्या उताराला लागलो की सीटही आहे की नाही याची मला खात्री नसायची. तिकडं युरोपात लढाई चालू होती, म्हणून इकडं पेट्रोल नव्हतं. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की पॅसेंजर उतरून ढकलायचे. मी सायकलवरून त्या मोटारीला दोनदा मागं टाकलंय. एकदा तर पंक्चर चाकानं.

त्या वर्षी आमच्या खात्यात एक स्कीम आली. शाळेतल्या पोरांना सरकारकडून प्रत्येकी एक पाठ द्यायची. पाठ म्हणजे अजून एकदाही न व्यालेली तरणी शेळी. पोरानं ती स्वतः सांभाळायची, चारायची, वेत झालं की करडं वाढवायची आणि वर्षानं जिल्ह्याच्या नुमाइशीत, म्हणजे प्रदर्शनात, स्वतः दोर धरून रिंगणात फिरवून दाखवायची. शेळी नीट निघाली तर ती करडांसकट पोराची झाली. स्वतः सांभाळली नाही असं आढळलं, तर शेळीही सरकारजमा आणि करडंही. कल्पना नामी होती. पोरांना लहानपणीच जनावराची जाण यावी आणि आमच्या मुलखातली काळी शेळी चार लोकांना दिसावी, असा हेतू. आमची शेळी तशी आहेच दिसण्यासारखी. अंग काळंभोर, पाय उंच, कान लांब लोंबते, आणि बहुतेक वेळा एका वेताला जुळी. लोक म्हणायचे, या शेळीला आरसा दाखवला तरी ती त्यातल्या शेळीसकट चार करडं मोजून घेते.

माझ्या वाट्याला तेरच्या अलीकडचं एक गाव आलं. नाव सांगत नाही. त्या पाच पोरांची नातवंडं अजून मला बाजारात भेटतात आणि नमस्कार करतात, तो नमस्कार मला चालू ठेवायचाय. दर महिन्याला तिथं जाऊन मुआइना करायचा, म्हणजे तपासणी, आणि छापील तक्ता भरून वर पाठवायचा, एवढं माझं काम.

मुआइन्याची रीत अशी. शाळेसमोर पटांगण, पटांगणाच्या एका कडेला पडकी दगडी भिंत, भिंतीपलीकडं बाभळी. मास्तर मला खुर्ची द्यायचे. मार्तंडराव त्यांचं नाव. सडसडीत, खादाड आणि कमी बोलणारे. पाच पोरं ओळीनं शेळ्यांचे दोर धरून उभी राहायची. त्यांचा म्होरक्या गोरोबा, वय बारा, पण बोलण्यात पाटील. मी विचारायचो, "शेळी रोज चरती का?" पाच पोरं एका सुरात म्हणायची, "व्हय साहेब." मी लिहायचो. "पाणी वेळेवर?" "व्हय साहेब." मी लिहायचो. तोवर मास्तरांच्या घरून थालीपीठ यायचं आणि मुआइना संपायचा.

तक्त्याच्या तळाशी एक रकाना होता, 'खास मुशाहिदा'. म्हणजे विशेष निरीक्षण. मी तो तीन महिने कोरा ठेवला. चौथ्या महिन्यात जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"हे कोरं का?"

"विशेष काही दिसलं नाही, साहेब."

"महिनाभर सरकारी सायकल झिजवता आणि विशेष काही दिसत नाही? कोरा रकाना हैदराबादला गेला की तिकडून विचारणा मला येते, तुम्हाला नाही. पुढच्या खेपेला काहीतरी दिसू द्या."

पुढच्या खेपेला मी डोळे ताणून बसलो. आणि खरंच दिसलं. पाचही शेळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. पोरं दोर ओढून इकडं वळवायची, की त्या मान फिरवून पुन्हा तिकडंच. कान टवकारून, अगदी टक लावून. दिशा कोणती ते मी उन्हावरून काढलं. उत्तर.

मी लिहिलं, "येथील शेळ्या उत्तरेकडे मुख करून उभ्या राहतात."

हे एवढंच लिहून थांबलो असतो तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण माणसाला एकदा रकाना भरायची चटक लागली की त्याची दौत आटत नाही. पुढच्या महिन्यात मी लिहिलं, आभाळ भरून आलेलं असतानाही उत्तर ओळखतात. त्याच्या पुढच्या महिन्यात पाचही शेळ्या व्याल्या. पाचही जणींना जुळी, हे मात्र मी फुगवून सांगत नाही, दहा करडं मी स्वतः मोजली. तक्त्यात लिहिलं, नवजात करडू प्रथम उत्तरेकडे पाहते, मग दूध पिते.

डॉक्टरसाहेबांनी न वाचता सह्या केल्या. हैदराबादला मात्र कुणीतरी वाचत होतं. एक दिवस जाड कागदावर पत्र आलं. खात्याचे बडे साहेब विलायतेत शिकून आले होते, त्यांना हा मुशाहिदा फार मोलाचा वाटला होता. नुमाइशीला ते जातीनं येणार होते आणि शेळ्यांची पारख स्वतः करणार होते.

डॉक्टरसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मला म्हणाले, "शेळ्या खरंच उत्तरेकडं बघतात ना?"

"शपथेवर, साहेब."

"मग ठीक. नाही बघितलं तर तुम्ही दक्षिणेकडं बघत घरी जायचं."

नुमाइशीला आठ दिवस होते. मी खात्री करून घ्यायला न कळवता त्या गावी गेलो. वर्षभरात न कळवता गेलो तो पहिलाच दिवस. थेट गोरोबाचं घर गाठलं. गोठ्यात बैल होते, म्हैस होती, शेळी नव्हती. आता शेळी चरायला गेली असेल असं कुणीही म्हणेल. पण आमच्या धंद्यात एक मोठं शास्त्र आहे. शेळी जिथं राहते तिथं लेंड्या असतात. त्या घरात मला लेंडी दिसली नाही. दुसऱ्या पोराच्या घरी गेलो. तिथंही नाही. पाच घरं फिरलो, पाचही अंगणं आरशासारखी. म्हटलं, या शेळ्या उत्तरेकडं बघतात ते असू दे, पण या जातीला पोट साफ होण्याचीही गरज पडत नाही, हे मोठं निरीक्षण राहूनच गेलं.

मग मी रस्त्यावरच्या लेंड्यांचा माग काढला. तो गावाच्या टोकाला गेला. तिथं महबूबभाई पिंजाऱ्याचं घर. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. महबूबभाई धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचे. महिना महिना घरी नसायचे. घरामागं लेंडीखताचा ढीग असा, की त्यात तुळजापूरचा हत्ती दडवला असता तर नुसती सोंड दिसली असती. आणि ढिगाशेजारी खुंट्याला माझ्या पाचही सरकारी शेळ्या, भोवती दहा करडं. मधोमध बारा-तेरा वर्षांची एक मुलगी एका शेळीचा खूर मांडीवर घेऊन विळीच्या तुकड्यानं नख तासत होती. शेळी डोळे मिटून उभी. असं नख मी कापायला गेलो असतो तर चौघांनी धरावी लागली असती, दोघांनी शेळीला आणि दोघांनी मला.

"नाव काय तुझं?"

"जैतून."

"शेळ्या कुणाच्या या?"

"पोरांच्या."

"मग तुझ्याकडं कशा?"

"वाट्यानं हायत." सूर्य कुठून उगवतो असं मी विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं.

वाट्यानं शेळी देणं ही आमच्या भागातली फार जुनी रीत. शेळी एकाची, राखायची दुसऱ्यानं. वेत झालं की एक करडू मालकाचं, एक राखणाऱ्याचं. शेळीला जुळी होतात म्हणूनच ही रीत चालते. सरकारनं शेळी दिली त्याच संध्याकाळी गोरोबानं चार पोरांना गोळा करून जैतूनशी बोली केली होती. त्यात लबाडी केली असं त्याला वाटलंही नव्हतं. त्याच्या बापाची शेरडं वाट्यानं होती, आजाचीही होती. शेळी मिळाली की ती वाट्यानं द्यायची असते, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. 'स्वतः सांभाळणे' हे शब्द त्यांनी तक्त्यावर वाचले होते, पण त्याचा अर्थ त्यांनी घेतला तो, कुणाकडं सांभाळायला द्यायची ते स्वतः ठरवणे.

"सरकारचा नियम ठाऊक आहे का तुला?" मी आवाज जड करून म्हणालो.

"नेम आसंल. पर सरकार पहाटं उठून लेंड्या झाडतं व्हय?"

खूर तासणं तिनं थांबवलं नव्हतं.

"सलोत्रीसाब, तुमी दर महिन्याला येताव. येकदा तरी शेळीच्या कुशीला हात लावला का? निस्तं कागदावर लिवताव."

"तुला कसं माहीत मी काय करतो ते?"

"मी तितंच आसती की. भिंतीमागं."

"कोणत्या भिंतीमागं?"

"शाळंच्या. बाभळीकडच्या. मी दिसली न्हाय की ह्या बिथरतात. मग पोरास्नी ओढत न्हेतात. म्हनून मी भिंतीआड बसून मदूनमदून खोकती. माजा आवाज आला की गप हुब्या ऱ्हातात."

बाभळीकडची भिंत म्हणजे उत्तरेची. माझ्या डोक्यात जो उजेड पडला तो त्या पडक्या घरातही पडला असावा, कारण करडंसुद्धा दचकली. तो खोकला मी ऐकला होता. गावात खोकल्याची साथ आहे असं मी एका तक्त्यात लिहूनही टाकलं होतं.

जैतूननं खूर खाली सोडला. मग पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "माजा वाटा जाईल का वो, साब?"

"कोणता वाटा?"

"ही पाच." तिनं करडांवरून बोट फिरवलं. दहांमधली पाच तिनं अचूक दाखवली. मला दहाही सारखीच दिसत होती. "आजवर दुसऱ्याचीच राखली. घरचं येक बी शेरडू न्हवतं. ही पाच वाढली की मी कुनाची वाट्यानं घेनार न्हाय. मीच दुसऱ्याला दीन."

मी शाळेत गेलो. मास्तरांना म्हणालो, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"साऱ्या गावाला ठाऊक होतं," मार्तंडराव म्हणाले. "ठाऊक नव्हतं ते एकट्या तुम्हाला. आणि तुमच्यामुळं हैदराबादला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही उत्तर दिशा उतरून घेत होता."

खरं वर कळवावं तर शेळ्या सरकारजमा, जैतूनची पाच करडं सरकारजमा, आणि वर्षभर 'मुलं स्वतः सांभाळतात' म्हणून सही करणारा मी दक्षिणेकडं बघत घरी. मी माझी अक्कल चालवली. ती मी अधूनमधून चालवतो आणि दर वेळी ती सायकलीसारखी उतारालाच लागते. ठरलं असं. महबूबभाई गाद्या भरायला धाराशिवला जाणारच होते, त्यांच्याबरोबर जैतूननं यायचं. मैदानात रिंगणाच्या उत्तरेला लिंबाखाली पाण्याचे रांजण ठेवलेले असतात, तिथं बसायचं. मधूनमधून खोकायचं.

"आणि हे बघ," मी तिला बजावलं, "काही झालं तरी जागचं हलायचं नाही. तू हललीस तर माझी नोकरी गेली आणि तुझी करडं गेली."

"आन् शेळीला काय झालं तर?"

"काही होत नाही. मी आहे ना तिथं, सलोत्री."

ती माझ्याकडं पाठ करून शेळ्यांना पाला टाकायला लागली. तेच तिचं उत्तर होतं, हे मला नंतर कळलं.

तर आता पुन्हा मैदानात. बड्या साहेबांनी कुतुबनुमा ठेवला. सुई डोलली, थांबली. साहेबांनी सुईच्या रेषेत हात लांब केला. हाताच्या टोकाला लिंब, लिंबाखाली रांजण, आणि रांजणाआड डोईवरून ओढणी घेतलेली एक मुलगी खोकत होती. पाचही शेळ्या तिकडंच बघत होत्या.

"माशाअल्लाह," साहेब म्हणाले. "पाँचों के पाँचों शुमाल." शुमाल म्हणजे उत्तर.

त्यांनी शेळ्यांना फिरवून दक्षिणेकडं तोंड करून उभं करायला लावलं. दोर सैल सुटताच पाच माना गर्रकन उत्तरेला. मैदानात टाळ्या. साहेबांचा कारकून भराभरा लिहीत होता. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढच्या दोन बढत्या मला त्यांच्या डोळ्यांत दिसल्या. मी मिशीला हात लावला. नुकतीच फुटलेली ती मिशी त्या दिवशी दोन बोटं वाढली.

माझं लक्ष कुतुबनुम्याकडं होतं. साहेबांचं कुतुबनुम्याकडं होतं. मैदानाचं साहेबांकडं होतं. शेळीकडं कुणाचंच नव्हतं.

गोरोबाच्या शेळीचं नाव हरणी. ती दात खात होती. डावी कूस ढोलासारखी वर आली होती. ती एकदा खाली बसली, लगेच उठली, पुन्हा बसली. गोरोबा दोर ओढत पुटपुटत होता, "ऊठ की गं, साहेब बघायलेत." हे मी तेव्हा पाहिलंच नाही. मला दिसलं ते एवढंच, की बाकीच्या चार शेळ्यांच्या माना हळूहळू उत्तरेवरून सरकायला लागल्या. उत्तर, मग थोडी पूर्व, मग आणखी थोडी. घड्याळाच्या काट्यासारख्या. साहेबांनी कुतुबनुमा हलवून बघितला. त्यांना वाटलं सुई बिघडली.

जैतून रांजणाआडून उठली होती आणि रिंगणाकडं पळत येत होती. ती जिथं जिथं, तिथं तिथं त्या माना.

भजीवाल्याच्या पालावर ती क्षणभर थांबली. "चाचा, गार तेल द्या. कढईतलं नको, डब्यातलं." त्याचा करडईच्या तेलाचा लोटा तिनं उचलला आणि दोरीखालून थेट रिंगणात. चारही शेळ्या पोरांच्या हातून दोर हिसकून तिच्याकडं धावल्या. पोरं दोरांसकट फरफटत आली.

"काय चारलं हिला?" तिनं गोरोबाला विचारलं.

"ज्वारी," गोरोबा म्हणाला. "सकाळी. भरल्या पोटाची दिसावी म्हनून."

"किती?"

"पायलीभर आसंल."

आता हे सांगायला हवं. शेळी रवंथ करते. पाल्यावर वाढलेल्या शेळीला एकदम पोटभर धान्य घातलं तर ते आत आंबतं, वारा धरतं, डावी कूस फुगते आणि फुगलेलं पोट छाती दाबतं. घटकाभरात शेळी गुदमरून मरते. याला आम्ही पोटफुगी म्हणतो. आमच्याकडं त्यावर ट्रोकार नावाचं हत्यार असतं, एक अणकुचीदार सळई आणि तिच्यावर नळी. कुशीत टोचली की वारा बाहेर. मी ओरडून ट्रोकार मागवलं. ट्रोकार पेटीत होतं. पेटीला कुलूप होतं. किल्ली डॉक्टरसाहेबांच्या दुसऱ्या कोटात होती. तो कोट धोब्याकडं होता.

"साब," जैतून म्हणाली, "हिचे पुढचे पाय उच्चीवर घ्या."

मी घेतले. बड्या साहेबांचं पायाशी ठेवलेलं लाकडी स्टूल ओढून त्यावर घेतले. जैतूननं लिंबाची काडी शेळीच्या तोंडात आडवी घातली, म्हणजे ती चघळत राहते आणि वारा वर येतो. मग ओठाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब तेल सोडायला लागली. घाई केली असती तर तेल फुप्फुसात गेलं असतं. घाई सगळ्या मैदानाला होती, तिला नव्हती. "तुमी कूस चोळा," ती मला म्हणाली. "खालून वर." मी वर्षात पहिल्यांदा त्या शेळीच्या डाव्या कुशीला हात लावला. हाताखाली ताणलेलं कातडं तबल्यासारखं वाजत होतं.

चोळलं. तेल सोडलं. पुन्हा चोळलं. शेळीची जीभ निळसर पडत चालली होती. गोरोबा तोंड वळवून उभा होता.

मग हरणीनं ढेकर दिली. अशी दिली, की माझ्या हातातली कूस पंक्चर झालेल्या चाकासारखी बसली, साहेबांच्या टेबलावरचे कागद उडाले, आणि तुळजापूरच्या घाटात मोटार ढकलणाऱ्या पॅसेंजरांनी मागं वळून बघितलं असं नंतर एकानं मला सांगितलं. मागोमाग दुसरी आली. हरणीनं अंग झाडलं आणि जैतूनच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं.

साहेब खुर्चीवरून उठून रिंगणात आले होते. आता पाचही शेळ्या जैतूनभोवती होत्या, चारी दिशांना उभ्या आणि तोंडं सगळ्यांची मधे.

"ये लड़की कौन है?"

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी आभाळाकडं पाहिलं. बोलला तो गोरोबा. "साहेब, ही जैतून. शेळी कागदावर माजी हाय. राखली हिनं. पाची बी हिनंच. ज्वारी म्या चारली. ती जवळ आसती तर चारू दिली नसती."

साहेबांनी मास्तरांकडून वाट्याची रीत समजून घेतली. त्यांना ती विलायतेत कुणी शिकवली नव्हती. मग ते जैतूनला म्हणाले, "इनमें से तेरी कौन सी है?"

"येक बी न्हाय, साब. करडं पाच हायती माजी. घरी हायती."

"और अगर सरकार सब वापस ले ले?"

जैतून थोडा वेळ हरणीची पाठ चोळत राहिली. "घ्या," ती म्हणाली. "पर हिला दोन दिस निस्ता पाला घाला. दाना दावू नका. आन् जो न्हेईल त्याला सांगा, हिचं मागचं डावं खूर लौकर वाढतंय."

साहेबांनी टेबलावरचा कुतुबनुमा उचलला, डबी बंद केली आणि खिशात टाकली.

"कायदा है," ते म्हणाले, "जानवर स्कूल का बच्चा ख़ुद पाले."

आणि त्या घडीला कमी बोलणारे मार्तंडराव एक पाऊल पुढं आले. "ही आमच्याच शाळेतली आहे, साहेब."

"रजिस्टर में नाम है?"

"चढवायचं राहिलंय. लढाईमुळं शाईचा तुटवडा आहे."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं. "स्याही मैं भिजवा दूँगा," ते म्हणाले.

शेळ्या पोरांकडं राहिल्या, वाटा जैतूनकडं राहिला. बक्षीस आम्हाला नाही मिळालं. ते ईट गावच्या एका पोराच्या बोकडाला गेलं. बोकड एवढा दांडगा होता, की पोरानं त्याला आणलं का त्यानं पोराला आणलं यावर पंचांमध्ये वाद झाला. पण पुढच्या वर्षीच्या छापील तक्त्यावर एक नवी ओळ आली, 'प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याचे नाव'.

माझा निकाल साहेबांनी जाता जाता लावला.

"और वो शुमाल वाला मुशाहिदा?"

"मुशाहिदा खरा होता, साहेब," मी म्हणालो. "कारण चुकलं."

"नवजात करडू प्रथम उत्तरेकडे पाहते," ते मराठीत म्हणाले. त्यांना मराठी येत होतं. वर्षभर त्यांनी माझा एकेक तक्ता मुळातून वाचला होता. "आता पुढचं वर्षभर त्या रकान्यात एकच वाक्य लिहायचं. 'डाव्या कुशीला हात लावून पाहिले.' आणि हात न लावता लिहिलं, तर मी परत येईन. बगैर कुतुबनुमा के."

पुढच्या महिन्यात मी त्या गावी गेलो. पटांगणात शेळी नव्हती. शाळेत पाढे चालले होते, आणि त्यात एक घोगरा नवा आवाज सगळ्यांच्या मागून अर्धा पाढा उशिरानं येत होता. मास्तर म्हणाले, "यायला तयार नव्हती. म्हणाली, शेळ्या कोण बघणार? शेवटी भिंतीमागं बांधायची परवानगी दिली."

मी सायकल टेकवली आणि भिंतीमागं गेलो. पाचही शेळ्या बाभळीला बांधलेल्या. पाचही शेळ्यांची तोंडं भिंतीकडं, शाळेकडं, म्हणजे पक्क्या दक्षिणेला. कान टवकारून पाढे ऐकत होत्या. मी एकेकीच्या डाव्या कुशीला हात लावला. हरणीच्या मागच्या डाव्या खुराचं नख खरंच वाढलं होतं.

तक्ता उघडला, ठरलेलं एक वाक्य लिहिलं, आणि दौतीचं झाकण लावून टाकलं. दक्षिणेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

त्यानंतर निजाम गेला, तक्ते बदलले, मी बरीच वर्षं जनावरं तपासत फिरलो आणि कळपांवर कळप पाहिले. त्यातला एक जैतूनचा होता. त्याच गावातली तीन घरं तिची शेरडं वाट्यानं राखत होती. या धंद्यात मी शिकलो ते एवढंच, की शेळी कुठं बघते हे खुर्चीवर बसून कळतं. कुणाकडं बघते, ते कळायला भिंतीपर्यंत चालत जावं लागतं.